जरा सांभाळ

नखाचा चंद्रकोरीसारखा तुकडा कात्रीच्या टोकाला चिकटून राहिला होता, आणि ती श्वास रोखून बाळाच्या बोटाकडे पाहत होती. रक्त नाही. नाहीच. तरी उजेडाकडे धरून पुन्हा पाहिलं. झोपेतली मूठ हळूच मिटली, उरलेली नखं आत गेली... आणि मांडीखाली दाबून ठेवलेला फोन थरथरला.

नखं होईपर्यंत बघायचं नाही असं ठरवलं होतं. पण तिने फोन बाहेर काढलाच.

खेळातला भुंगा. दुसरं कोण! ‘राणीसरकार, काका परत आलेत. निम्मी मंडळी त्यांच्यामागे निघालीत. संध्याकाळच्या लढाईआधी सांगा, लीडर कोण? दोन्हीकडे होय होय करून माझी मान मोडायची वेळ आलीये.’

खेळ तो. मोबाइलवरचा. किल्ले, फौजा आणि कधीही न भेटलेल्या पन्नासेक माणसांचं अलायन्स. तिथे सगळे ज्यांना काका म्हणायचे, त्यांनीच उभं केलेलं. पोटातल्या लाथांनी झोप उडायची त्या दिवसांत तिला हाताला धरून सगळं शिकवलं ते काकांनीच — आणि डोळ्यांच्या ऑपरेशनला जाताना म्हणाले, “जरा सांभाळ गं, येतोच.” लीडर बरेच दिवस फिरकला नाही की खेळ दुसऱ्या नंबरच्या माणसापुढे ‘लीडर व्हा’ असं एक बटण उजळवतो. तिच्यापुढे उजळलं. तिने दाबलं. कुठे आग लागली नव्हती, शत्रू दाराशी नव्हता... मी काय चोरलं? बटण होतं, दाबलं. आणि जिंकलोच की त्यानंतर सगळे!

पण जिंकण्याचं नव्हतंच ते. इथे या घरात ती आंघोळीच्या पाण्याचा कढत-कोमटपणासुद्धा दोनदा विचारून घ्यायची — सासूबाईंना, पुस्तकाला, डॉक्टरांना — आणि तिकडे लोक तिला विचारायचे, “ताई, घुसू का?” ती म्हणायची, थांब. लोक थांबायचे. आता तोडा, म्हणायची. तोडायचे. तिथे तिला कुणाला काही विचारावं लागायचं नाही. तीच ही, जी आता एवढंसं नख दोनदा तपासत होती...

काकांचा मेसेज खाली होता. राग नाही, टोमणा नाही. ‘ठेव तुझ्याकडेच, पोरी. मागत नाही. फक्त एवढं सांग, मी सांभाळ म्हणालो, ते तुला घे असं ऐकू आलं का?’

तिने लिहिलं, काका, गैरसमज होतोय. खोडलं. लिहिलं, सगळ्यांच्या भल्यासाठीच. शी! तेही खोडलं. रागावले असते तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं —

बाळ किंचाळून जागं झालं.

“झोपेत नखं काढतेस?” सासूबाई दारातच होत्या. “दचकली ना ती! दे इकडे.”

“आई, थोडीच उरलीत...”

“राहू दे गं. पळून जातायत का नखं?” त्यांनी बाळाला उचललंसुद्धा. “सोमवारपासून तुझी आई ऑफिसात. मग आपल्या दोघींचंच राज्य! हो ना गं, माझं सोनं ते?”

आणि बाळ गप्प झालं. लगेच. तिच्या खांद्यावर एवढा वेळ हुंदके देत राहायचं तेच बाळ सासूबाईंच्या मानेत नाक खुपसून निवांत.

“बघ, कळतं तिला,” सासूबाई हसून म्हणाल्या आणि खिडकीशी गेल्या.

काय कळतं? काय कळतं तिला? माझं सोनं म्हणे... पण सोमवारपासून सांभाळाल ना, असं गेल्या आठवड्यात हात धरून विचारलं होतं तिनेच, आणि त्यांनी हो म्हटल्यावर सुटल्यासारखं वाटलं होतं तेही तिलाच. त्यांनी काय हिसकावलं? काहीच नाही. फक्त बाळ गप्प झालं.

असंच वाटलं असेल काकांना. परत आल्यावर, सगळं नीट चाललेलं पाहून — अगदी असंच, छातीच्या मधोमध, बोट ठेवून दाखवता येईल अशा जागी. तिला ते पुरतं कळलं. इतकं स्पष्ट तिला कित्येक दिवसांत काही कळलं नव्हतं. आता आतला हट्ट विरघळेल, तिला वाटलं. आता काकांचं लीडरपद आपसूक देऊन टाकू, सोपं होईल. ती वाट पाहत राहिली. पण आत काही सैल होईना. उलट काहीतरी आणखी घट्ट आवळत गेलं, देणार नाही, नाही देणार म्हणत — आणि सासूबाईंच्या पाठीकडे पाहता पाहता तिला पहिल्यांदाच त्यांची नाही, स्वतःची भीती वाटली.