न वाचता गाजलेला शोधनिबंध

हवामानबदलाच्या भडक बातम्यांनी लोक जागे होत नाहीत, उलट पाठ फिरवतात, हे विद्यापीठातल्या एका संशोधक बाईंनी अनेक वर्षं खपून दाखवून दिलं होतं. शोधनिबंध छापून आला आणि विद्यापीठाच्या प्रसिद्धीवाल्याने तो नेटवर टाकला. मथळा दिला, ‘आता सर्वनाश अटळ!’ बघता बघता हजारो लोकांनी तो पुढे ढकलला.

बाई तणतणत विभागप्रमुखांकडे गेल्या. सर मोबाइल नाचवत उठले.

“या, या! धुमाकूळ घातलात की!”

“सर, असले मथळे देऊ नका, हेच तर मी त्यात सांगितलंय.”

“असू द्या हो. लोक वाचतायत ना?”

“तुम्ही वाचलात?”

“म्हणजे काय! तो आलेख तर फारच बोलका आहे.”

“त्यात एकही आलेख नाही, सर.”

सरांच्या चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही. “मग पुढच्या वेळी घाला. आलेख फार पसरतात.”

बाईंनी कोपरापासून हात जोडले. बाहेर येऊन त्यांनी त्या मथळ्याखाली स्वतःच सविस्तर खुलासा लिहिला. त्याला एकच अंगठा मिळाला, तोही त्यांच्या आईचा.