मोबाइलात न मावलेली उडी

स्वप्नील सर धुळ्याच्या त्या मैदानावर पोटावर पालथे पडले आणि त्यांनी मोबाइल वृषालीच्या पावलांसमोर धरला. झिपरू नानाला आधी वाटलं, हा माणूस आपल्या नातीच्या पायाच पडतोय. पडू दे. आज ना उद्या पडायचंच होतं लोकांना.

"हात कमरेवर. जागेवरून सरळ वर," सर म्हणाले.

"जागेवरून?" नाना पुढे सरकला. "सर, आमच्याकडं पळत येऊन उडी मारतात. मी स्वतः ऐन तारुण्यात विहिरीवरून उडी मारली. निम्म्यात गेल्यावर बिडी पेटवली, पलीकडं उतरलो तेव्हा थोटूक फेकलं."

"आजोबा, बाजूला व्हा. तुमची सावली पडते."

नाना बाजूला झाला. साक्रीच्या बाजाराला त्याच्या विहिरीच्या गोष्टीवर माणसं चहा पाजत, आणि हा नुसता सावलीचं बोलतो! पण वृषालीकडे बघून त्याने जीभ आवरली. पोरीने डोळे मिटले होते. निवड झाली तर इथल्या क्रीडा वसतिगृहात राहणं, जेवण, बारावीपर्यंत शाळा. नाही झाली, तर आठवड्याभरात मुकादमाचा ट्रक येणार आणि ती आईसोबत गुजरातेत ऊसतोडीला जाणार. आईने, कलाबाईने, सुनावूनच ठेवलं होतं, आणि कलाबाई एकदा बोलली की बोलली.

वृषालीने उडी मारली.

सरांनी बोटाने चित्र हळूहळू पुढे सरकवलं. पाय जमिनीवरून सुटले तिथे एक खूण, परत टेकले तिथे दुसरी. मधला वेळ मोजून मोबाइलनेच उंची सांगितली.

"तेहतीस सेंटीमीटर. अजून दोन घे."

दुसरी एकतीस भरली. तिसऱ्या वेळी पोरीने दात-ओठ खाऊन जमीन सोडली, तर मोबाइलने पुन्हा तेहतीसच सांगितलं. निवडीला निदान चाळीस लागत होते.

"हे यंत्र बिघडलंय," नाना म्हणाला. "माझ्या छातीएवढी दोरी ओलांडते ही. सगळ्या गावाने पाहिलंय."

"दोरी कोण धरतं?"

"एक टोक निंबाला बांधतो."

"आणि दुसरं?"

नाना खिशात तंबाखूची पुडी शोधू लागला. सरांनी पुढच्या मुलीचं नाव पुकारलं.

साक्रीच्या एसटीत दोघं शेजारी बसले. कुसुंबा गाव मागे पडलं तरी वृषाली खिडकीबाहेरच बघत होती. नानाने एक गोष्ट सुरू केली, अर्ध्यात सोडली. दुसरी सुरू केली, तिला तर तोंडच सापडेना.

"नाना," खिडकीबाहेर बघतच ती म्हणाली, "माले दिसे तुमना हात."

"कोणता हात?"

"दोरीना. मी उडी मारू, तवय तुम्ही दोरी खाले लेत."

नाना हातातल्या तिकिटाच्या घड्या घालू लागला. पोरीच्या पायाला दोरी अडकू नये, ती तोंडावर पडू नये, म्हणून पहिल्यांदा तो हात खाली गेला होता. मग गावच्या बुद्धविहारापुढच्या निंबाखाली लोक जमू लागले, टाळ्या वाजू लागल्या, आणि टाळ्यांची सवय पोरीपेक्षा त्या हातालाच जास्त लागली.

"मंग बोलनी का नही?"

"माले वाटे, थोडीशीच लेतस."

गाव आलं तशी दोघं उतरली.

थांब्याजवळच्या ओट्यावर अर्धी आळी बसलेली. कलाबाई होती, शेजारची बेबाबाई होती, अंगणवाडीतली शिल्पा होती. जय भीम झाला. वाकडं बोलण्यात बेबाबाईचा हात धरणारं गावात कोणी नव्हतं. तिनेच सुरुवात केली.

"कितली व्हयनी व उडी? का नानानी विहीरमाच पडनी?"

सगळे हसले. नानाने घसा खाकरला. कुठल्याही फजितीला टोपी-फेटा घालून नवरदेव करण्याची विद्या त्याच्याकडे होती. पण त्याच्याआधी वृषालीच बोलली.

"उडी मोबाइलमा मावनीच नही, मावशी. मी वर, नि फोटोमा नुसता पाय! सर बोलनात, मोठा मोबाइल लयतस, मंग परत बलावतस."

हे तिने इतक्या साधेपणाने सांगितलं की ओट्यावरचं हसणं थांबलं. नानाच्या गोष्टींना लोक पोट धरून हसत, पण त्याच्या शब्दावर कोणी साधी काडीपेटीही उसनी दिली नसती. पोर मात्र आजवर कधी खोटं बोलली नव्हती. लोकांनी माना डोलावल्या. शाबास पोरी, म्हणाले. कलाबाईच्या चेहऱ्यावर कधी नव्हे ते हसू आलं आणि ती सासऱ्याकडे वळली.

"नाना, खरं शे का?"

उभ्या जन्मात नानाला कोणी साक्ष विचारली नव्हती.

"शे," तो म्हणाला.

"मंग मुकादमले सांगू का, पोर येत नही?"

उत्तर द्यायच्या आत शिल्पा मोबाइल घेऊन उठली. बिचारीच्या मनात काही पाप नव्हतं, उलट कौतुकच होतं.

"उडी मोजानं ते अॅप मना मोबाइलमा बी उतरी. आठेच मार ना येक उडी. बठ्ठा गावले दखू दे!"

"हां, मार, मार!" बेबाबाईने पदर खोचला. माणसं सरकली, ओट्यापुढे जागा झाली. शिल्पा उकिडवी बसून पडद्यावर बोट फिरवू लागली.

वृषालीने नानाकडे पाहिलं.

"तिना पाय मुरगळेल शे," नाना म्हणाला. "उतरता उतरता. सर बोलनात, महिनाभर उडी नको."

"कोणता पाय?" कलाबाईने विचारलं.

"उजवा," नाना म्हणाला, आणि त्याच क्षणी वृषालीने डावा उचलून धरला. मग सावकाश तो टेकवला आणि उजवा उचलला. अंधारून येत होतं. कोणाच्या लक्षात आलं नाही. निदान कोणी बोललं तरी नाही.

कलाबाईने लेकीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मघाचं हसू तिने कधी पुसलं ते कळलंही नाही.

"महिनाभर आठे बसाडीसन कोण खावाडी?" ती म्हणाली. "पाय दुखस ते दुखू दे. कोपीवर भाकरी थापाले हात पुरतस. बलावतीन तवय दखू."

आणि उसाच्या फडातल्या त्या झोपडीसाठी बांधायची भांडी मनातल्या मनात मोजत ती पुढे निघाली.

मागून नाना आणि वृषाली. पोर लंगडत होती, एका हाताने भिंतीचा आधार घेत. ओटा मागे पडला, वळण गेलं, आळी रिकामी झाली.

"आते नीट चाल," नाना हळूच म्हणाला. "कोणी दखत नही."

वृषालीला ते ऐकू गेलं. उजवा पाय तसाच ओढत ती घराकडे जात राहिली.