पाड्यातलं सगळ्यात शांत घर

डहाणू-तलासरीत धरणी हलायला लागली त्या हिवाळ्यात गंजाडच्या पाड्यावर सरकारी गाडी आली. धक्के मोजायची पेटी ठेवायला त्यांना शांत घर हवं होतं. पोरंबाळं नकोत, गुरं नकोत, कुणाचं येणंजाणं नको. अख्ख्या पाड्यानं चंपाच्या घराकडे बोट दाखवलं. चंपाला ते बोट फार लागलं. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि मुलगा उमेश पहिल्या मोठ्या धक्क्यानंतर बायकोपोरांना घेऊन वापीला गेला, तो तिकडचाच झाला.

नूतन नावाच्या तरुण मॅडमनं पडवीत खड्डा खणून पेटी बसवली, लॅपटॉप उघडला आणि म्हणाली, "कुणीतरी उडी मारा." शेजारच्या पोरानं, हाल्यानं मारली. पडद्यावरची रेघ टणकन वर गेली. मग काय विचारता, सगळा पाडा उड्या मारायला लोटला! रखमी म्हातारी दोघींच्या आधारानं उडाली आणि आपली रेघ बघून नव्या नवरीसारखी लाजली. बायजीनं पेटीपुढे नारळच ठेवला.

"जपानात मोठा भूकंप झाला तरी हिला इथं कळतं," नूतन म्हणाली. माणसं तोंडात बोट घालून बघत राहिली.

संध्याकाळी सगळे आपापल्या घरी गेले. उरली चंपा आणि पेटी.

चंपाला पेटीची सोबत वाटू लागली. आपलं कुणीतरी ऐकतंय, एवढंही तिला पुष्कळ होतं. पाड्यात गिरणी असताना ती रोज सकाळी पेटीशेजारी उखळात भात कांडायला बसू लागली.

महिन्यानं नूतन परत आली. "मावशी, रोज सकाळी सहाला भूकंप होतोय, आणि तो फक्त तुमच्या पडवीत!"

चंपा खुदकन हसली.

"हसू नका. असंच चाललं तर पेटी दुसरीकडे न्यावी लागेल."

चंपानं तिचा हात धरला. "नको नेऊ गो ताई. नाय कांडत मी." मग जरा घुटमळून तिनं विचारलं, "माझा उमेश पाय आपटत चालतो, लहानपणापासून. वापीत त्याचं पाऊल वाजतं, ते हिला येत असंल ना ऐकू?"

"नाही मावशी."

"जपानचं येतं, आन वापीचं नाय?"



चंपानं उखळ शेताच्या टोकाला नेऊन ठेवलं. स्वतःच्या घरात ती चोरपावलांनी वावरू लागली.

होळीला मात्र उमेश आला, दोन्ही पोरांना घेऊन. पोरांनी पडवी दणाणून सोडली. पेटी जाईल हे चंपाला कळत होतं. जाऊ दे मेली, म्हणत तिनं उखळ परत आणलं आणि पोरांच्या हाती मुसळ दिलं. दोन दिवसांनी ती सगळी वापीला निघून गेली.

आठवड्यानं नूतन कागद घेऊन आली. त्यावर दोन दिवस नुसत्या उभ्याआडव्या रेघांचं रान होतं.

"यातला उमेश कुठला?" चंपानं विचारलं. नूतनला सांगता येईना.

"नेतेस ना आता पेटी?"

"नाही मावशी, इथंच ठेवणार. त्या दोन दिवसांनंतर पुन्हा सगळं शांत आहे. साहेब म्हणाले, इतकं शांत घर दुसरं मिळायचं नाही."

पेटी राहावी, हेच तर चंपानं मागितलं होतं. तिनं तो कागद मागून घेतला, छातीशी धरला आणि पेटीला ऐकू जाऊ नये म्हणून अंगणात जाऊन रडली.