उतरत्या दुपारची ओळ

ऑफिसात तिला सगळे डागडुजीबाई म्हणत. बाकीचे नवं लिहून टाळ्या घेत आणि जुनं बंद पडलं की ते हिच्या गळ्यात येई. दोषी बहुधा एकच, कुठल्यातरी लायब्ररीची हेडर फाइल. लायब्ररी म्हणजे दुसऱ्याने आयतं करून ठेवलेलं काम, आणि हेडर ही त्याच्या दारावरची पाटी. आत कोण राहतं, कुणाला कोणत्या नावाने हाक मारायची, एवढंच ती सांगते. पाटी बदलली की जुन्या नावाने हाका मारणारे प्रोग्रॅम दारातच अडतात. मग डागडुजीबाई नवी नावं घाली, प्रोग्रॅम पुन्हा बांधून घेई, तो बिल्ड पार पडे, की पुढचं गिऱ्हाईक.

म्हणून "दादा बोलेनासा झालाय गं" असा आईचा फोन आला तेव्हा ती दचकली नाही. दादाला जाऊन वर्ष लोटलं होतं. बोलत होता तो त्याने आईसाठी लिहून ठेवलेला प्रोग्रॅम. आईच्या स्वयंपाकघरातल्या छोट्या कंप्युटरवरून तो त्याच्याच आवाजात सकाळ, दुपार, संध्याकाळ गोळ्यांची आठवण करी. गेल्यावर माणूस इतका वक्तशीर व्हावा हे नवलच होतं. जिवंतपणी दादा कधी वेळेवर जेवायला बसला नव्हता.

सुट्टीच्या दिवशी जाऊन तिने पाहिलं. कंप्युटरने परस्पर अपडेट घेतलं होतं. वेळा ओळखणाऱ्या लायब्ररीने हेडरमधली नावं बदलली होती आणि दादाचा प्रोग्रॅम नव्याने बिल्ड होईना. किरकोळ काम. तिने तिन्ही वेळांची नवी नावं घातली. जेवणं होताहेत तोच दादा बोलला, "आई, दुपारची पांढरी गोळी. पाणी भरपूर पी." आईने डोळ्यांना पदर लावला, हिने चपला घातल्या.

पुढच्या आठवड्यात ती संध्याकाळी गेली. टेबलावर ताटं झाकलेली, आई खुर्चीत बसलेली. गोळ्यांच्या डबीतले सकाळ-दुपारचे कप्पे रिकामे होते आणि संध्याकाळचे सगळे भरलेले. संध्याकाळची गोळी हृदयाची. जेवणानंतर घ्यायची, आणि एकही चुकवायची नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"आई, हे काय? जेवत नाहीस का रात्रीची?"

"तो थांब म्हणतो ना."

"कोण?"

"कोण काय विचारतेस? ऐक आता."

कंप्युटर खरखरला. मग दादा, पण गोळ्यांचा नव्हे. "हॅलो, हॅलो. येतोय का आवाज?" मागे भांडं वाजलं. "अगं आई, थांब ना जरा. आलोच. माझ्याशिवाय सुरू नको करूस."

हे तिने कधीच ऐकलं नव्हतं.

"मग तो येत नाही," आई अगदी सहज म्हणाली, "आणि बसल्या बसल्या माझा डोळा लागतो."

तिने हेडर उघडली, या वेळी नीट. दुपार आणि संध्याकाळ यांच्या मधे कुणीतरी 'उतरती दुपार' अशी नवी ओळ घुसवली होती. ओळींना क्रमानेच नंबर मिळतात, त्यामुळे संध्याकाळ तिसरीची चौथी झाली होती. दादाने मात्र आवाज नावाने नव्हे, नंबराने लावलेले. तिसऱ्यावर संध्याकाळची गोळी, पण उतरत्या दुपारला प्रोग्रॅम हाकच मारत नसल्याने ती वाजेना, आणि चौथ्यावर माइक तपासताना उरलेला, पुसायचा राहिलेला तुकडा. बिल्ड पार पडला म्हणजे सगळं ठीक, असं मानून ती दुपारीच उठून गेली होती. संध्याकाळ तिने तपासलीच नव्हती.

"मिनिटाचं काम आहे," ती म्हणाली. "हा बंद करते. नेहमीचा येईल."

"नको."

"आई, तो तुझ्याशी बोलत नाहीये. माइक तपासतोय."

"तपासताना का होईना, माझ्याशी बोलला. तुझा तो नेहमीचा म्हणजे कंपाउंडर."

"आणि गोळी? जिवाशी खेळ आहे हा."

"मग तू सांग की रोज जेव म्हणून. तो गेलाय तरी चुकत नाही. तू धडधाकट आहेस, तुला फोन करायला काय होतं?"

एका फोनच्या बदल्यात एक आवाज, सौदा तिला परवडण्यासारखा वाटला. ओळ तशीच राहिली.

ती रोज संध्याकाळी फोन करू लागली. आई जेवे, गोळी घेई, कप्पे रिकामे होऊ लागले. पण हळूहळू हिचा फोन लवकर जाऊ लागला. आधी दादाचं बोलणं संपता संपता, मग सुरू व्हायच्या आत. हवापाण्याच्या गप्पा करत ती खरखरीची वाट पाही.

आजही फोनमधून खरखर आली. "थांब ना जरा. आलोच. माझ्याशिवाय सुरू नको करूस."

तिकडे ताटावरचं झाकण किंचित वाजलं.

"जेवू का गं?" आईने विचारलं. "भूक लागलीय."

हो म्हणायचं, एवढंच तिचं काम होतं. तिने फोन कानाशी घट्ट धरला.

"थांब जरा," ती म्हणाली.