नानांचं नख

तोताराम नानांनी धुळ्याच्या संग्रहालयात तीस वर्षं दुसऱ्यांच्या चित्रांच्या नकला केल्या. एखादं जुनं चित्र विटलं, वाळवीनं खाल्लं, की त्याच्यासमोर ईझल मांडायचं, चौकोन आखायचे आणि हुबेहूब नक्कल उतरवायची. खाली सही मूळ चित्रकाराची. नानांना सही करायची परवानगी नव्हती. रंग जमला का, हे ते डाव्या अंगठ्याच्या नखावर लावून बघत. ते नख कायमचं निळं पडलं होतं.

मी जळगावचा ड्रॉइंग मास्तर, त्यांचाच शिष्य. १९८८ मध्ये नाना निवृत्त व्हायला आले, तेव्हा ठरवलं, यांना संग्रहालयाच्या भिंतीवर चढवायचंच. दिवाळीची अख्खी सुट्टी त्याच दालनात बसलो आणि नक्कल करत बसलेले नाना रंगवले, निळ्या नखासकट. संग्रहालयाच्या मंडळाने चित्र स्वीकारलं.

"मी भितवर? येडा शे तू," नाना म्हणाले. पण रोज येऊन बघायचे.

मग नवं दालन बांधून देणाऱ्या दलिचंद शेठनी चित्र पाहिलं. "फार सुंदर. फक्त तोंड आमच्या बापूजींचं करा. दालन त्यांच्याच नावाचं आहे ना."

बापूजींनी जन्मात सरकीशिवाय कशाला हात लावला नव्हता. मला ताडकन उठून जाता आलं असतं. पण चिटणीस म्हणाले, जमत नसेल तर चित्र परत न्या. खाली सही माझी होती आणि ती मला त्या भिंतीवर हवी होती, हेच खरं. बापूजींचा फोटो समोर ठेवून एका दुपारी मी नाना पुसून टाकले. लाज वाटली, हात मात्र थांबला नाही.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी नाना चित्रासमोर बराच वेळ उभे राहिले. मी तोंड लपवायला जागा शोधत होतो.

"नख तं मनंच शे," ते म्हणाले, नख तेवढं त्यांचंच उरलं होतं, आणि चक्क हसले.

तेवढ्यात शेठ आले. "मास्तर, बापूजींचं नख निळं कसं? साप चावल्यासारखं दिसतं. काढा ते."

मी ब्रश उचलला. आता मात्र हात चालेना.

नानांनी तो माझ्याकडून काढून घेतला. "हात तुले कधीच जमनात नहीत. सरक."

त्यांनी बापूजींच्या गोऱ्या कातडीचा रंग कालवला, जमला का ते आपल्या नखावर लावून पाहिलं, आणि चित्रातलं नख झाकून टाकलं.