दम कोंडणारी शिवकन्या आणि मी

मित्रांनो, माझ्या रबरावर किती जणांच्या दातांचे वण आहेत, ते मोजता येणार नाहीत. मी पाणबुड्यांचा जुना रेग्युलेटर. पाठीवरच्या टाकीतली हवा मी माणसाच्या तोंडात सोडतो. माझ्याशिवाय ती टाकी म्हणजे नुसतं ओझं. खरं आहे ते सांगायला लाजू कशाला?

कारखान्यात जन्मलो आणि मालवणच्या समुद्रात राबलो. हौशी लोक फोटो निघेपर्यंत मला चावायचे, मग वाळूत फेकायचे. मीठ साचून माझी झडप अडकू लागली, तसं मला खोक्यात टाकलं. दोन वर्षं कुणी विचारलं नाही. मग परभणीच्या सिद्धोधन सरांनी मला उचललं, उघडलं, झडपेचं झिजलेलं रबर बदललं, गोड्या पाण्यानं धुतलं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

सर परभणीत पोहण्याच्या तलावावर स्कुबा, म्हणजे टाकीतल्या हवेवर पाण्याखाली पोहणं, शिकवतात. आधी वर्गातले धडे आणि लेखी परीक्षा. पाण्यात उतरण्याआधी जोडीदाराची टाकी, पट्टे तपासायचे. खुणाही शिकायच्या. अंगठा वर केला की ‘छान’ नव्हे, ‘वर चला’! कान दुखण्याआधी नाक दाबून हळूच हवा ढकलायची. चष्म्यात पाणी शिरलं तर नाकानं फुंकून काढायचं. इथं नवख्यांना पाण्यातसुद्धा घाम फुटतो. शेवटी समुद्रात चार बुड्या, मग पाणबुड्याचं कार्ड.

पेडगावची शिवकन्या तोऱ्यातच आली. विहिरीत दम कोंडून तळाची माती वर आणणारी पोरगी ती. कार्ड मिळालं तर मालवणात मदतनिसाचं काम ठरलेलं. नाहीतर आईसोबत ऊसतोडीला. पण विहिरीची सवयच आडवी आली. स्कुबात दम कधीच कोंडायचा नसतो. कोंडून वर आलात तर आतली हवा फुगून फुप्फुस फाटतं. सराव असा: तलावाच्या तळाशी मला तोंडातून काढायचं, बारीक बुडबुडे सोडत राहायचं आणि परत घालायचं. ही मला काढायची आणि ओठ गच्च मिटायची. तीनदा तेच.

“शिवकन्या, आता दम कोंडला तर समुद्राचं नाव काढू नको,” सर म्हणाले. “कार्डापेक्षा तुझा जीव लय मोठा हाय.”

“सर, ल्हानपणापासून असंच करायलेय मी. सुटतच न्हाई.”

तिची आई कडूबाई काठावर बसली होती. “नळी घालूनच पवायचं होतं, तर पोरगी कशाला? मोटारच सोडायची की पाण्यात!” मग लेकीचा उतरलेला चेहरा बघून ती खाली वाकली. “अगं, बशीतल्या च्यावर फुंकर घालती न्हाई का? तशी घाल. हळू. च्या सांडू नको.”

शिवकन्या खाली गेली. मला काढलं. ओठांचा फुंकरीसारखा चंबू केला. एक बुडबुडा सुटला, दुसरा सुटला, मग माळच लागली. तिनं मला परत तोंडात घेतलं आणि मीही जीव ओतून हवा दिली.

मालवणला चौथ्या बुडीत ती बारा मीटरवरून सावकाश वर आली. बुडबुडे एकदाही थांबले नाहीत. कार्ड मिळालं, काम मिळालं. सरांनी मला तिच्याच हाती सोपवलं. आता ती रोज आधी मला धुऊन सावलीत टांगते, मगच जेवते. तिचेही आभार कसे मानू?

मित्रांनो, जी वस्तू तुमच्या जिवाची राखण करते, तिला काम झाल्यावर विसरू नका. मला हार नको, कौतुक नको. फक्त नीट धुवा. उद्या अजून कुणाच्या तरी लेकीला माझ्याच भरवशावर खाली जायचंय.