मोठ्या टाकीखालचं स्टूल

"पाणी गेल्यासारखं वाटलं, चमचाभर का होईना, तर घरी तर्क लढवत बसायचं नाही. तडक इकडे यायचं," असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. मी हसण्यावारी नेलं. "आमचं दुकान शोभेच्या माशांचं आहे हो. तिथे कुणी ना कुणी भिजलेलंच असतं!"

सातवा महिना चालू होता. सकाळी गल्ल्यावर, मोठ्या टाकीखालच्या स्टुलावर बसले होते आणि एकदम कपडे ओले झाले. नवऱ्याला हाक मारली. त्याने माझ्याकडे पाहिलंच नाही. पाहिलं ते टाकीकडे.

"गळतेय! तरी म्हणत होतो, डाव्या कोपऱ्याचा सांधा कच्चा आहे!"

मग काय विचारता! मासे बादल्यांत, बादल्या वाटेत, आणि एक आगाऊ मासा थेट गिऱ्हाइकाच्या पिशवीत. नवरा टाकीखाली उताणा पडून सांध्याला सिलिकॉन फासतोय आणि मी, चांगली पदवीधर बाई, पोट सांभाळत जाळी फिरवतेय. कपडे बदलून दाराजवळच्या खुर्चीत टेकले, तर तीही ओली.

"आता खुर्चीपण गळते का रे?" मी विचारलं आणि मलाच खो खो हसू फुटलं. हसता हसता आणखी पाणी गेलं.

आरडाओरडा ऐकून सासूबाई वरच्या मजल्यावरून खाली आल्या. टाकीच्या बुडाखाली त्यांनी बोट फिरवलं, मग माझ्याकडे पाहिलं. "टाकी ठणठणीत आहे. अरे दिवट्या, तुझी बायको गळतेय!"

नवऱ्याने पाणी तपासायची कागदी पट्टी काढली. "थांब, आत्ता कळेल..."

"त्या पट्टीने आधी तुझं डोकं तपास! गाडी काढ!"

दुकानात जागा उरली नव्हती म्हणून माशांच्या दोन बादल्या गाडीत मागे ठेवल्या होत्या, त्या तशाच राहिल्या होत्या. प्रत्येक वळणाला चुबुक. "आता यातलं हिचं कुठलं आणि माशांचं कुठलं?" सासूबाई म्हणाल्या. मी हसत होते आणि पोटावर हात दाबून बाळाच्या लाथेची वाट बघत होते. एक बसली. मग रडूच आलं.

डॉक्टरीणबाईंनी निर्जंतुक उपकरणाने एकदाच तपासलं. "कधीपासून जातंय?"

"सकाळपासून. आम्ही टाकी दुरुस्त करत होतो."

त्यांचा चेहरा उतरला. "बाळाभोवतीची पाण्याची पिशवी म्हणजे त्याची भिंत. ती फाटली की खालून जंतूंना वर चढायला वाट मोकळी. धोका बाळालाही आणि तुलाही. पण बाळ अजून कच्चं आहे. जंतू पोचले नाहीत तर आत काढलेला एकेक दिवस त्याच्या फायद्याचा."

"भिंतीला... सिलिकॉन?" नवरा पुटपुटला.

"आधी हात धुवा," त्या म्हणाल्या.

मला दाखल करून घेतलं. जंतू रोखायची औषधं सुरू झाली, बाळाच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शनं टोचली, ताप आणि नाडी सतत बघायचे. जंतू पोचलेत का ते कळावं म्हणून मी पॅडचा रंग बघायची, वास घ्यायची.

"अत्तर विकायला बसल्यासारखी काय हुंगतेस गं?"

"हिरवट नाही, घाण वास नाही, आई!"

"मग नाचू का मी?" असं म्हणून सासूबाई खरंच दोन पावलं नाचल्या. शेजारच्या खाटेवरचीने टाळ्या वाजवल्या.

मग एका दुपारी मला हुडहुडी भरली. अंग तापलं, पोट दुखायला लागलं आणि यंत्रावर बाळाचं काळीज घोड्यासारखं धावायला लागलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता आतल्यापेक्षा बाहेर बरं." कुणी हसलं नाही. नवऱ्याने माझा हात इतका घट्ट धरला की बोटं बधिर झाली.

ती आली. मूठभर जीव, पण आवाज असा की दारातली नर्स दचकली! औषधं तिलाही, मलाही. ती काचेच्या पेटीत होती आणि नवरा येईल त्याच्यावर डाफरत होता, "काचेवर टकटक करायची नाही!"

आता ती माझ्या मांडीवर आहे आणि हा कागद खाऊ बघतेय. मी मात्र रस्त्यात कुणाचंही पोट दिसलं की अडवून विचारते. लोक मला वेडी म्हणतात. म्हणोत. तुमच्याही ओळखीत कुणाला दिवस गेले असतील ना? बहीण, वहिनी, ऑफिसातली मैत्रीण? तिला आत्ताच्या आत्ता फोन लावा. "कशी आहेस?" विचारू नका, ती "मजेत" म्हणेल. सरळ विचारा, "काही ओलं-बिलं वाटतंय का गं?" ती हसेल. खुशाल हसू दे. पण उत्तर द्यायला जरा जरी अडखळली, तर फोन ठेवू नका. तिला घेऊन दवाखान्यात जा.